डावऱ्याची केबल

शटर अर्धं खाली ओढा आणि ते स्टूल इकडे सरकवा. साडेनऊ झालेत, म्हणजे खरं तर मी आता घरी जेवायला बसलेला असायला हवा. पण तुम्ही तिघं एवढ्या लांबून आलात, तुम्हाला हात हलवत परत कसं पाठवू? तो निळा बॉक्स मात्र खाली ठेव बाबा. तो विकायचा नाही. का नाही, तेही सांगतो.

तुम्हाला डीआय बॉक्सही हवाय, रीॲम्प बॉक्सही हवाय, आणि दोन्ही एकाच डबीत बसवून मिळतील का, असं हा चष्मेवाला विचारतोय. अरे, दोघांचं काम एकमेकांच्या बरोबर उलटं. डीआय काय करतो, गिटारमधून निघालेला नाजूक आवाज घेतो आणि मशीनला रेकॉर्ड करता येईल असा करून पुढे पाठवतो. कोरा आवाज, ॲम्पचा रंग न लागलेला. आणि रीॲम्प तोच कोरा आवाज महिन्यांनी, वर्षांनी परत नाजूक करतो आणि ॲम्पमध्ये सोडतो. ॲम्पला वाटतं गिटारवाला समोर बसून वाजवतोय. माणूस नसला तरी चालतं. काही लोक खर्च वाचवायला डीआयच उलटा लावतात, भागतं तसं, पण आवाज मार खातो.

आता ज्याची गोष्ट आहे तो माणूस माझ्या ओळखीचा. रेकॉर्डिस्ट आहे. सगळे त्याला कानसेन म्हणतात. पंखा कुठल्या सुरात घरघरतोय हे तो झोपेत सांगेल, आणि सांगून वहिनीच्या शिव्या खाईल. वर घर, खाली त्याचा स्टुडिओ. घरात तो, मोठा भाऊ आणि वहिनी. वडील लवकर गेले, तेव्हा दादानेच त्याला वाढवलं. दादाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही. हे लक्षात ठेवा.

त्याचा एकच दोस्त. गिटार वाजवायचा, डाव्या हाताने, म्हणून डावरा. शाळेपासून दोघं एकमेकांचे शर्ट घालून मोठे झालेले. या डावऱ्याची एक खोड होती. जुन्या बुटाची काळी नाडी तो वाजवताना मनगटाला बांधून ठेवायचा. वाजवून झालं आणि मनासारखं झालं, की आपली केबल स्वतः गुंडाळायचा, उलट्या हाताने, आपल्या डावखुऱ्या पद्धतीने, त्या नाडीची गाठ मारायचा आणि कानसेनच्या खुर्चीच्या हातावर अडकवून जायचा. बोलायचा काही नाही. केबल अडकवली म्हणजे पटलं. नाही पटलं तर केबल जमिनीवर पडलेली, आणि उद्या पुन्हा सुरुवात. कानसेन सकाळी आधी खुर्चीकडे बघायचा आणि मग चहाकडे.

दोघांनी मिळून सात गाणी करायला घेतली होती. सहा झाली. सातवं डावऱ्याने त्याच्या मोठ्या बहिणीसाठी बांधलेलं. चौदा मार्चला रात्री ते रेकॉर्ड करायला बसले आणि अर्ध्या गाण्यावर ॲम्पचा व्हॉल्व्ह, आतली काचेची नळी, कडकड करायला लागला. कानसेनने ॲम्प स्टँडबायवर टाकला, म्हणजे चालू पण मुका, आणि नवा व्हॉल्व्ह आणायला निघाला. कोणाकडे? माझ्याकडे. मी दिला. आणि मूर्खासारखं म्हटलं, आलाच आहेस तर चहा घेऊन जा. अर्धा तास बसवून ठेवला मी त्याला. त्या चहाचं मला आजही वाईट वाटतं.

तो परत गेला तेव्हा डावरा नव्हता. गिटार घेऊन गेलेला. केबल जमिनीवर, निम्मी खुर्चीखाली. दादा तिथेच बसलेला.

दादा म्हणाला, "गेला तो. दुसऱ्या स्टुडिओत काम मिळालंय म्हणे. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, मला सांगून गेला."

कानसेनने दोनदा फोन लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायला हवा होता, पण राग आला. एवढ्या वर्षांचा दोस्त, आणि साधं सांगून जावंसं वाटलं नाही. केबलसुद्धा उचलली नाही. आणि त्याच रात्री अकरा चाळीसला पुलावर एका ट्रकने डावऱ्याची मोटरसायकल उडवली. जागच्या जागी गेला.

कानसेन रडला नाही. सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय. धक्का कसला, तो चिडलेला होता. ज्याने पाठीत सुरा खुपसला त्याच्यासाठी रडायचं कसं, असं त्याने मलाच विचारलं होतं. ती केबल त्याने ड्रॉवरमध्ये कोंबली आणि सातव्या गाण्याची फाइल पुन्हा उघडली नाही.

सात महिन्यांनी डावऱ्याची बहीण आली. सगळे तिला ताई म्हणतात. ती म्हणाली, "अर्धं तर अर्धं. माझ्यासाठी बांधलेलं गाणं मी ऐकलंच नाही रे. तुझ्याकडे आहे ना ते?"

नाही कसं म्हणणार? पण ॲम्पचा आवाज त्या रात्री फाटका आलेला. गिटार तो ॲम्पबरोबर डीआयमधूनही रेकॉर्ड करायचा, तो कोरा ट्रॅक तेवढा स्वच्छ. म्हणून मंगळवारी, नऊ ऑक्टोबरला, दुपारी तो इथे आला, ज्या स्टुलावर हा चष्मेवाला बसलाय त्याच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, रीॲम्प बॉक्स दाखवा."

मी त्याला तीन दाखवले. एक त्याला आवडेना, एकाचं बटण ढिलं. मग हा निळा. आत चांगला ट्रान्सफॉर्मर, आवाज कमीजास्त करायला एक बटण, आणि ग्राउंड तोडायचा स्विच, म्हणजे वायरिंगची घूं घूं येत नाही. मी म्हटलं, हा घे, डोळे मिटून घे. आणि एक गोष्ट त्याला सांगितली, तुम्हीही ऐकून ठेवा. डावऱ्याची गिटार जुनी. जुन्या पिकपच्या, म्हणजे तारांखाली आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या, गुंडाळीवरचं मेण सुकतं, आणि मेण सुकलं की पिकप माइकसारखा ऐकायला लागतो. गिटारच्या जवळ तोंड नेऊन बोललात तर तेही तारेतून जातं. म्हणून मी म्हटलं, "गेन फार चढवू नकोस, नको ते ऐकू येईल." गेन म्हणजे ॲम्प बारीक आवाज किती फुगवतो ते. मी आपलं कुरकुर, खरखर म्हणत होतो.

संध्याकाळी जेवताना त्याने घरी सांगितलं, आज सातवं गाणं पूर्ण करतोय. दादाचा घास हातातच राहिला.

"कशाला उकरतोस?" दादा म्हणाला. "ज्याने तुला टांग मारली त्याची हमाली तू का करायची? पुसून टाक तो ट्रॅक."

"ताईने मागितलंय."

"तिला सांग, खराब झाला."

कानसेनला बरं वाटलं बघा. दादाला आपली किती काळजी, असं वाटलं त्याला.

रात्री सव्वाअकराला तो खाली गेला. ॲम्प आतल्या छोट्या खोलीत, समोर माइक. तो बाहेरच्या खोलीत, मशीनसमोर, कानाला हेडफोन. मशीनमधून वायर निळ्या बॉक्सला, आणि बॉक्समधून ॲम्पला गिटारची केबल. शोधाशोध केली तर हाताशी एकच केबल, ड्रॉवरमधली. तीच लावली. स्टुडिओचं दार आतून बंद केलं, कोणी मध्येच आलं तर रेकॉर्डिंग वाया जातं म्हणून.

ट्रॅक सोडला. आणि आतल्या खोलीत डावरा वाजवायला लागला.

तुम्ही कधी ऐकलं नसेल ते. माणूस सात महिन्यांपूर्वी गेलेला, आणि त्याची बोटं तारेवरून सरकताना ऐकू येतात. श्वास घ्यायला थांबतो तेही कळतं. कानसेनचा राग तसाच होता, पण त्याचे डोळे भरून आले. अर्धं गाणं झालं. मग जिथे व्हॉल्व्ह बिघडला तिथे वाजवणं थांबलं. पुढे स्क्रीनवर नुसती चपटी रेघ. व्हॉल्व्ह आणायला जाताना त्याने रेकॉर्डिंग बंद केलंच नव्हतं, ही त्याची जुनी सवय. दोन गाण्यांच्या मध्ये डावरा सहज काही वाजवतो तेच कधीकधी सगळ्यात चांगलं निघतं, म्हणून तो कधीच बंद करायचा नाही. ॲम्प मुका होता, पण डीआय जागा होता.

ही रेघ कापून टाकायची, एवढंच काम. पण त्याला वाटलं, शेवटी डावऱ्याने काही छेडलं असेल तर? ताईला तेवढंच जास्त. म्हणून त्याने आत जाऊन ॲम्पचा गेन चढवला. पूर्ण. आणि परत येऊन बसला.

सूं सूं आवाज. तारेला कुठे हात लागल्यासारखा. डावरा गिटार पोटाशी धरून, मान खाली घालून बसायचा, तोंड जवळजवळ तारेवर. तसाच बसला असणार.

मग कोणीतरी बोललं. लांबून. फाटक्या आवाजात.

"...वाईट वाटून घेऊ नकोस. तो तोंडावर बोलणार नाही, म्हणून मी बोलतोय."

कानसेनने हेडफोन दाबून धरला. आवाज ओळखायला त्याला वेळ लागला नाही. ज्या आवाजाने त्याला अंगाई म्हटली, तो आवाज.

"काय म्हणाला?" हा डावरा. अगदी जवळून.

"म्हणाला, डावऱ्याचा हात गेला आता. दोस्ती आहे म्हणून ओढतोय. सातवं गाणं दुसऱ्याकडून वाजवून घेणार आहे. व्हॉल्व्हचं निमित्त काढून गेलाय ना, ते त्यासाठीच. तू आपणहून निघून जावंस म्हणून."

मग नुसतं सूं सूं...

"असं म्हणाला तो?"

"माझ्या भावाबद्दल मी खोटं कशाला बोलू?"

आणि ठक. गिटारमधून केबलचा जॅक ओढून काढल्याचा आवाज. रेघ संपली. ट्रॅक तिथेच संपतो.

कानसेन मला म्हणाला, "काका, सात महिने मी त्याला शिव्या घातल्या. आणि तो पुलावर गेला तेव्हा त्याच्या लेखी मी दगाबाज होतो. दोघांना एकाच रात्री फसवलं दादाने, आणि एवढे महिने शेजारी बसून माझ्यासोबत जेवला."

त्याने ट्रॅक बंद केला. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं. बॉक्समध्ये आता काही जात नव्हतं. स्क्रीन स्तब्ध.

पण हेडफोनमध्ये सूं सूं चालूच होतं...

तो उठणार, तेवढ्यात कोणीतरी श्वास घेतला.

"असं म्हणालास तू?"

जवळून. अगदी जवळून.

हे ट्रॅकवर नव्हतं. ट्रॅक बंद होता. त्याने हेडफोन काढला. आवाज आतल्या खोलीतून येत होता, बंद दाराआडून.

तो आत गेला. कसा गेला त्याला माहीत नाही. ॲम्पचा लाल दिवा जळत होता. बाकी अंधार. त्याने हात लांब केला आणि केबल ॲम्पमधून उपटली. दुसरं टोक बॉक्समधून उपटलं. केबल जमिनीवर पडली. आता ॲम्पला काहीच जोडलेलं नव्हतं. काहीच नाही.

"असं म्हणालास..."

"नाही," कानसेन म्हणाला. "नाही रे. मी नाही म्हणालो. मी व्हॉल्व्ह आणायला गेलो होतो. काकांनी चहाला बसवलं. तुझी शपथ, मी एक शब्द नाही बोललो."

तो ॲम्पसमोर खाली बसला.

"मला वाटलं, तूच सोडून गेलास. म्हणून तिसरा फोन नाही केला. तेवढं माझं चुकलं."

लाल दिवा तसाच जळत होता.

मग तार सरकली. आणि सातवं गाणं जिथे तुटलं होतं, तिथून पुढे सुरू झालं. हळू. अगदी हळू. शेवटच्या ओळी, ज्या कधी रेकॉर्ड झाल्याच नव्हत्या. शेवटचा सूर लांबला... लांबला... आणि थांबला.

कानसेन भिंतीला धरून बाहेर आला. मेन स्विच खाली ओढला, स्टुडिओच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जिना चढून दादाच्या खोलीचं दार वाजवलं. वाजवलं म्हणजे ठोकलंच. वहिनी घाबरून उठली.

"डावऱ्याला काय सांगितलंस तू?" त्याने विचारलं. "माझ्या नावावर काय सांगितलंस?"

आता भाऊ काय म्हणेल? काहीही म्हणता आलं असतं. पण अर्धवट झोपेत माणूस सावध नसतो. दादाचा चेहरा उतरला.

"तुला कोणी सांगितलं? खोलीत आम्ही दोघंच होतो..."

बस. त्यापुढे विचारायला काही उरलं नाही. वहिनी एकदा याच्याकडे बघे, एकदा नवऱ्याकडे. दादा मग बोलत सुटला. तुझ्या भल्यासाठी केलं, त्याच्या नादाने तुझं वाटोळं चाललं होतं, दिवसरात्र तू त्याच्यासाठी खपत होतास, घराकडे लक्ष नाही, तो असा पुलावर जाईल हे मला काय माहीत. खरं असेल तेही. पण कानसेन म्हणाला, "परका असतास तर भांडलो असतो दादा. आता कोणाशी भांडू?" आणि जिन्यावर येऊन बसला. सकाळपर्यंत तिथेच बसला. त्या रात्री तो डावऱ्यासाठी रडला, सात महिन्यांचं एकदम.

सकाळी साडेसहाला कुलूप काढलं. कुलूप जसंच्या तसं. किल्ली रात्रभर त्याच्या खिशात. मेन स्विच खालीच. निळा बॉक्स आत जमिनीवर, ठेवला होता तिथे. आधी त्याने रेकॉर्डिंग तपासलं. हो, मला माहीत होतं तुम्ही हेच विचाराल. नाही. शेवटच्या ओळी त्यात नाहीत. फाइल ठक आवाजापाशी संपते, पुढे काहीच नाही. ताईला त्याने अर्धंच गाणं दिलं. दादाने काय सांगितलं होतं तेही तिला सांगितलं, काही न लपवता. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "तू फोन केला होतास ना दोनदा? बघितलं होतं मी त्याच्या मोबाइलवर." स्टुडिओ त्याने दुसरीकडे हलवला. दादाशी बोलतो, कामापुरतं. आणि हा बॉक्स मला परत आणून दिला. पैसे परत घेतले नाहीत, बॉक्सही ठेवला नाही. मी तो विकत नाही. तुम्ही तो काळा घ्या, तो चांगला आहे, आणि डीआय ॲक्टिव्ह, म्हणजे करंटवर चालणारा, घ्या, तुमच्या साध्या पिकपचा आवाज बसणार नाही.

आणि केबल? आत, ॲम्पसमोर, जिथे पडली होती तिथे ती नव्हती.

ती बाहेर होती, त्याच्या खुर्चीच्या हातावर अडकवलेली. नीट गुंडाळलेली, उलट्या हाताने. मी स्वतः जाऊन पाहिलीय. अजून तशीच आहे, तो कोणाला हात लावू देत नाही. तिला काळ्या नाडीची गाठ आहे, जुन्या बुटाची नाडी. ती नाडी चौदा मार्चला डावऱ्याच्या मनगटावर होती, आणि त्याला सरणावर ठेवलं तेव्हाही कोणी सोडवली नव्हती.